सर, मॅच कुठं दिसते?

मार्च लागला की वर्गातली मुलं एकच विचारतात, "सर, आयपीएल फुकट कुठं दिसतं?" 2023 मध्ये जिओ सिनेमावर ते मोफत होतं, वर मराठी समालोचनही. घरात दखनी बोलणारी, मराठीच्या पेपरला घाबरणारी आमची उर्दू माध्यमाची मुलं त्या उन्हाळ्यात 'षटकार', 'धावबाद', 'क्षेत्ररक्षण' आपसूक बोलू लागली. माझ्या बीएडच्या पाठटाचणांना हे कुठलं जमायला!

फेब्रुवारी 2025 मध्ये जिओ हॉटस्टार आलं. आता थोडा वेळ फुकट, पुढे पैसे. टीव्हीवर स्टार स्पोर्ट्स, तेही विकतचं. भारताचे मायदेशातले वन-डे आणि टी-ट्वेंटी मात्र फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला दिसतात, कारण 2007 च्या कायद्यानं ते दूरदर्शनला द्यावेच लागतात. आयपीएल त्यात येत नाही. त्या वर्षी सुरुवात रमजानमध्येच झाली; तरावीहनंतर पोरं नुसता स्कोअर विचारत फिरायची. घरात एकच मोबाइल, तोही अब्बांच्या खिशात. मराठी कानावर पडायचं, ते बंद झालं.

आपल्या जालन्याचा विजय झोल 2014 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता, असं परवा वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, ती मॅच कुठं दिसेल?"