घोडनदी ते दौंड : प्रवासाची दैनंदिनी

शनिवार, शिरूर

कागदोपत्री शिरूर, पण भोवतालच्या खेड्यांतली जुनी माणसं अजून ‘घोडनदीला जाऊन येतो’ असंच म्हणतात. इंग्रजांची छावणी होती इथं. त्या काळातला कर्नल वॉलेस १८०९ साली वारला आणि इथल्याच दफनभूमीत विसावला. पुणे जिल्ह्याच्या १८८५च्या गॅझेटिअरात त्याच्याविषयी मोठी मजेशीर नोंद आहे. ब्राह्मण आणि मारवाडी वाणी सोडले तर गावातले सगळे हिंदू या साहेबाला ‘सत्पुरुष’ म्हणून पुजत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य त्याला दाखवत. पुढं अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी शिरूरला ठाणं केलं. त्यांनी हा प्रकार पाहून कपाळाला हात लावला असेल. मला मात्र कणसं घेऊन येणाऱ्या त्या शेतकऱ्याचा हेवा वाटतो. माणूस भला होता, एवढं त्याला पुरलं. धर्म कुठला, पंथ कुठला, ही चौकशी त्यानं केलीच नाही.

रात्री एका ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरी मुक्काम. जेवणाआधी प्रार्थना झाली, ती घरातल्या आजींनी केली. डोळे मिटले आणि सुरू झाल्या, “बापा, लेकीच्या सासऱ्याचं दुखणं तू बघतोयस. मोटारीला लाइट रात्रीच येती, पोरगं काळोखात पाणी धरायला जातं, त्याच्या पायाशी राहा. अन् हे पाहुणं आल्यात, त्यांना आमचं तिखट सोसू दे.” आमेन म्हणताना मला हसू आवरेना. आजींना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. “त्याला नाय सांगायचं तर कुणाला सांगायचं, दादा?” म्हणत त्यांनी भाकरी वाढली. तिखट खरोखरच जबर होतं.

रविवार, केडगाव

न्हावरा मागं टाकून, पारगावाजवळ भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो. दोन्हीकडं ऊस, मधेच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. या फेरीचं मुख्य कारण तेच.

रमाबाईंना भोळं कोण म्हणेल? भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तरी तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्यावरून आणि चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून वाद घालतच राहिल्या. पटलं नाही ते ‘पटलं’ म्हणायचं नाही, हा त्यांचा बाणा. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. लहान मुलासारखा विश्वास म्हणजे निमूट मान डोलावणं, असं आपण धरून चालतो. ज्यांच्या घरात चार वर्षांचं पोर आहे त्यांना विचारा, ते दिवसात किती वेळा ‘का?’ म्हणतं!

अशा बाईंच्या भोवती माणसं कोण, तर १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९००च्या सुमारास गुजरातेतून आणलेल्या उपाशी मुली. बहुतेकींना अक्षरओळख नाही. १९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण बसेल असं विचारलं, तेव्हा सत्तरेक जणी पुढं आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. २९ जूनच्या रात्री एक मुलगी अंगाला आग लागल्यासारखी उठली, तर दुसरी खरंच पाण्याची बादली आणायला धावली. मग कित्येक दिवस शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं रडत, आपापली पापं कबूल करत, हसत, गात राहिल्या. मिनी अब्राम्स या सहकारी बाईंनी ते सगळं लिहून ठेवलंय. बादलीचा प्रसंग वाचताना मला नेहमी वाटतं, हा कुणी रचलेला असता तर बादली त्यात आलीच नसती.

बाहेर टीका झाली, हा गोंगाट कसला म्हणून. रमाबाईंनाही सुरुवातीला शिस्तीची काळजी वाटली. पण त्यांनी मुलींना गप्प केलं नाही. विलायती सभ्यतेच्या मापात न बसणारं सगळं सैतानाचंच कसं, असा उलट सवाल त्यांनी केला. शास्त्रार्थात पंडितांना गप्प करणारी बाई निरक्षर पोरींच्या आरड्याओरड्यापुढं स्वतः गप्प बसते, हे मला त्यांच्या सगळ्या पदव्यांहून मोठं वाटतं. याच मुलींना कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, ते हे काम हातावेगळं करूनच.

सकाळच्या उपासनेत मी मागं बसलो होतो. साक्ष देण्याची वेळ आली तशी एक शाळकरी मुलगी उठली. गणिताचा पेपर सोपा गेला म्हणून तिनं प्रभूचे आभार मानले. विज्ञानाचा अवघड गेला, असंही सांगितलं आणि “तरी पण आभार” म्हणून खाली बसली. मंडळीत कुणी हसलं नाही. तिच्यामागून उठलेल्या मोठ्या माणसाची साक्ष चांगली लांब आणि घोटीव होती. त्यातलं आता मला एक वाक्यही आठवत नाही.

सोमवार, दौंड

दौंड म्हणजे जंक्शन, सगळं गाव गाडीच्या वेळांवर चालतं. चहाच्या टपरीवर रेल्वेतून निवृत्त झालेले एक ख्रिस्ती काका भेटले. त्यांचं गाऱ्हाणं असं, की आता उपासनेत पोरं गिटार आणि ड्रम वाजवतात, पडद्यावर गाणी येतात, भक्ती राहिली नाही. मी त्यांना १९०५चा गोंगाट सांगितला. “ते वेगळं, त्या रडत होत्या,” काका म्हणाले. मग घोटभर चहा घेऊन म्हणाले, “आमचा नातूच ड्रम वाजवतो. वाजवताना डोळे मिटतो, ते देवासाठी की व्हिडिओसाठी, मला काय कळणार!”

मलाही कळलं नसतं. शिरूरच्या आजींना कदाचित कळलं असतं, पण त्यांनी ते विचारलंच नसतं.

दुपारी मनमाडकडं जाणारी गाडी आहे, तिनं नगरला उतरायचं. टिळकांच्या, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या नगरला. त्यांच्यासारखं टाळ-मृदंगावर ख्रिस्ताचं कीर्तन कुणी अजून करतं का, ते पुढच्या भागात.