ग्रँड कॅन्यनला निघण्यापूर्वी

अम्मींचे वय ७२. गुडघे दुखतात, जिना चढताना धाप लागते. मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे, अमेरिकेतल्या फिनिक्सला जायचे ठरले, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "मला घरात बसवून तुम्ही फिरायला जाणार असाल तर मी येतच नाही."

भावाला रजा नाही. टूर बसचा विचार करून पाहिला, पण तिथे थांबा त्यांच्या मर्जीने, जेवण त्यांच्या मर्जीने आणि नमाजची वेळ कोणाच्याच मर्जीची नाही. म्हणून गाडी आम्हीच चालवायची, असे ठरले. गेले दोन महिने घरात याचीच चर्चा चालू आहे.

ग्रँड कॅन्यन म्हणजे कोलोरॅडो नदीने कोरलेली ४४६ किलोमीटर लांबीची दरी. खोली दीड किलोमीटरहून जास्त, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर. १९१९ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. दोन काठांमध्ये सरळ रेषेत सुमारे १६ किलोमीटर अंतर, पण गाडीने एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला साडेतीनशे किलोमीटरचा वळसा! उत्तर काठावरचे जुने लॉज २०२५ च्या वणव्यात जळाले. आम्ही दक्षिण काठच निवडला.

आमची खरी काळजी उंचीची. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटरवर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्याहूनही साडेचारशे मीटर वर. फिनिक्स मात्र जेमतेम साडेतीनशे मीटरवर. सकाळी निघून दुपारी तिथे पोहोचायचे, तर अम्मींच्या श्वासाचे काय? डॉक्टरांनी तपासण्या करून परवानगी दिली, पण एका दमात चढू नका, असे सांगितले. मग नकाशा पुन्हा उघडला. वाटेजवळ सेडोना गाव आहे, उंची साधारण महाबळेश्वरइतकी. महाबळेश्वरला अम्मींना त्रास झाला नव्हता. पहिली रात्र तिथे काढायची. एका रात्रीचे भाडे वाढले, वाढू दे.

गुडघ्यांसाठीही सोय सापडली. काठाने जाणाऱ्या हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्यांना बंदी असते, उद्यानाच्या बसनेच जावे लागते. पण चालायला त्रास होणाऱ्यांच्या गाडीला विशेष परवाना मिळतो. तो उद्यानाच्या प्रवेशद्वारावरच मागायचा. डेझर्ट व्ह्यू रस्ता मात्र सर्वांना खुला आहे. साधारण ४० किलोमीटर अंतरात एकामागून एक थांबे, आणि शेवटी १९३२ साली बांधलेला दगडी मनोरा. मेरी कोल्टर या बाईंनी त्याचा आराखडा केला. वर चढणे अम्मींना जमणार नाही, पण त्याच्या पायथ्यापासूनही खाली नदी दिसते.

गाडीबद्दल थोडेसे. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, तो एक वर्ष चालतो. तिथे स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी उजवीकडून, म्हणून पहिले दोन दिवस भावाच्या शेजारी बसून गल्लीबोळातच सराव करायचा. थांबलेल्या शाळेच्या बसवर लाल दिवे लुकलुकत असतील तर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचे, हा नियम शिक्षकी पेशामुळे आम्हाला फार आवडला. पेट्रोल आधीच भरायचे, कारण काठावरच्या मुख्य वस्तीत पंप नाही. फोनला सगळीकडे रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवायचा आणि कागदी नकाशाही जवळ ठेवायचा. मगरीबनंतर गाडी चालवायची नाही, कारण एल्क नावाची मोठी हरणे रस्त्यावर येतात.

जेवण फिनिक्समधून बांधून न्यायचे. हलाल मटणाचा खिमा, चपात्या, उकडलेली अंडी. तिथल्या उपाहारगृहात मासे आणि भाज्या मिळतील, पण अम्मींना चपातीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. मे महिन्यातही काठावर रात्री पारा पाच अंशांखाली जाऊ शकतो, त्यामुळे शाली आणि पायमोजे बॅगेत सर्वांत वर.

राहिला नमाजचा प्रश्न. आम्हा दोघांत एक कोकणातले शाफई, एक सोलापूरच्या हनफी. सफरमध्ये एकाला जुहर आणि असर एकत्र पढता येते, दुसरीला दोन्ही वेळा थांबायचे आहे. मग थांबे हनफी वेळेने ठरवले, तक्रार नको! घड्याळाचीही गंमत आहे. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण पूर्वेकडे लागून असलेला नवाहो लोकांचा प्रदेश करतो. परतताना त्या बाजूने आलो तर फोनमधली वेळ आपोआप एक तासाने सरकेल आणि फ्लॅगस्टाफकडे येताना पुन्हा मागे येईल. म्हणून अब्बांचे जुने मनगटी घड्याळ सोबत घेतले आहे. ते फिनिक्सच्या वेळेवरच राहील.

आणि क़िब्ला. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेल्या अम्मींना हे पटेना. पृथ्वीगोल आणून दोरा ताणून दाखवला. ॲरिझोनाहून मक्केची सर्वांत जवळची वाट उत्तरेपासून सुमारे २९ अंश पूर्वेकडे जाते. अम्मींनी स्वतः दोनदा दोरा धरून पाहिला. मग आमच्या लक्षात आले की दक्षिण काठावर उभे राहिले तर त्या दिशेला समोर पूर्ण दरीच आहे. बसून नमाज पढण्यासाठी घडीची खुर्ची सामानात टाकली. "ती कठड्यापासून दहा हात मागेच ठेवा," असे अम्मींनी आत्तापासूनच बजावून ठेवले आहे.