कोलवाळची वाट

नव्या कपड्यांची रेखाटनं करायला बसले की हल्ली फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स आठवतात. मस्कतमधली हॉटेल व्यवसायातली बरी नोकरी सोडून ते लॉस एंजेलिसला फॅशन शिकायला गेले. पुढे परदेशातच त्यांना कुणीतरी विचारलं, की तुझ्या कपड्यांत तुझा देश कुठे आहे? हा प्रश्न मलाही स्वस्थ बसू देत नाही.

भारतात परतल्यावर पुढे ते मुंबई सोडून गोव्यात, कोलवाळला राहायला गेले. बिनभपक्याचे, सैल, अंगाला श्वास घेऊ देणारे कपडे त्यांनी केले. पांढरा रंग तर त्यांची ओळखच झाली. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती कुणबी साडी. लाल चौकडीची, सुती, गुडघ्याच्या जरा खाली येणारी, खांद्यावर गाठ मारलेली. भाताच्या खाचरात वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या हालचालींतून तिचं हे रूप घडलं. गोव्यातले माग बंद पडत गेले आणि साडीही विरत गेली. वेंडेलनी ती पुन्हा विणून घेतली, रॅम्पवर आणली. 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2020 मध्ये ते गेले.

कुणबी साडीची ही गोष्ट आठवली, की नुसता सेंद्रिय कापूस वापरला म्हणून कपडा टिकाऊ ठरतो, हे मला पटत नाही. माग चालला पाहिजे, विणकराचं घर चाललं पाहिजे. यंदा दर ठरवताना मी विणकराची मजुरी आधी लिहिणार आहे, बाकीचा हिशेब त्यानंतर.