नाइल रॉजर्सचा उजवा हात

अनेक वाद्यं वाजवणारा, गाणी लिहिणारा आणि रेकॉर्डिंगही सांभाळणारा तो अष्टपैलू, असं आपण मानतो. संगीत संयोजनाचं काम करताना माझं मत वेगळं झालं आहे: असा माणूस एकच गोष्ट मुळापासून जाणतो आणि तीच घेऊन सगळीकडे जातो. न्यूयॉर्कचा नाइल रॉजर्स घ्या. त्याची गिटार ऐकताना उजव्या हाताकडे लक्ष द्यावं. तो हात मात्रेचे चार-चार भाग करत अखंड चालतो, डावा हात मात्र तारांवरचा दाब सैल करत राहतो. त्यामुळे बहुतेक आघात मुके पडतात, मोजकेच वाजतात, आणि उरलेल्या जागेत बर्नार्ड एडवर्ड्सचा बास बोलतो. ‘शीक’ या त्यांच्या डिस्को बँडचं सगळं वैभव या वाटणीत आहे. दुसरी खूण म्हणजे गाण्याची सुरुवात थेट ध्रुवपदाने करणं. आपल्या भावगीताला ते नवं नाही, पण इंग्रजी पॉपमध्ये सहसा कडवं आधी येतं.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटाने उडवल्या गेल्या आणि लवकरच शीकची गाणी मागे पडली. तरी १९८३ मध्ये डेव्हिड बोवीने बारा तारांच्या गिटारवर ऐकवलेल्या लोकगीतासारख्या चालीतून रॉजर्सने ‘लेट्स डान्स’ उभं केलं, पुढच्या वर्षी मॅडोनाचा ‘लाइक अ व्हर्जिन’ केला.

मग सगळ्यांच्या गाण्यांवर एकाच माणसाचा शिक्का बसत नाही का? हा आक्षेप हलका नाही. १९८० मध्ये रॉजर्स-एडवर्ड्सनी डायना रॉसचा अल्बम केला, तेव्हा मोटाउन कंपनीने तो पुन्हा मिक्स करून तिचा आवाज पुढे आणला. गायिकेच्या बाजूने पाहिलं तर कंपनीचं म्हणणं मला रास्त वाटतं. पण ‘अपसाइड डाउन’ची चाल, ठेका, मांडणी या जोडीचीच राहिली आणि ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. शिवाय बोवीच्या गाण्यात स्टीव्ही रे वॉनची ब्लूज गिटार मोकळेपणी वाजते, कारण रॉजर्सने तिला जागा ठेवली आहे. शिक्का मारणारा माणूस दुसऱ्याला अशी जागा देत नाही.

संयोजन शिकणाऱ्यांनी ट्रॅकवर ट्रॅक चढवण्याआधी ‘अपसाइड डाउन’ हेडफोन लावून फक्त गिटारसाठी ऐकावं, आणि ती कुठे थांबते ते लिहून काढावं.