एका रुपयाचा मुस्तफा

पनवेलला लोकल १९९८ साली आली. तोवर आम्हा पोरांचं जग एसटी स्टँड ते वडाळे तलाव एवढंच. मधल्या एका गल्लीत, मळका पडदा लावलेलं व्हिडिओ गेम पार्लर होतं. पंखा एकच, तोही मालकाच्या डोक्यावर. वाण्याकडून परत येताना उरलेला रुपया तिथे जायचा आणि घरी हिशेब जुळायचा नाही.

त्या रुपयात मिळायचा ‘मुस्तफा’. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. पण ते त्या गल्लीत कधी कुणी घेतलं नाही. जॅक, हॅना, मुस्तफा, मेस या चौघांत टोपीवाला मुस्तफा सगळ्यात चपळ, म्हणून गेमही त्याच्याच नावाचा झाला. दुसऱ्या स्टेजच्या शेवटी सुरे परजत कसाई यायचा आणि बहुतेकांचा रुपया तिथेच बुडायचा. पुढच्या स्टेजला गाडी चालवायला मिळते, हे मोठ्या पोरांच्या मागे उभं राहून कळलेलं. स्क्रीनच्या कडेला रुपया ठेवून नंबर लावायचा आणि तो येईपर्यंत फुकटचे सल्ले द्यायचे: “अरे, कोपऱ्यात नको जाऊस, मरशील!”

आता तोच मुस्तफा लॅपटॉपवर आहे. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ साली ‘मेम’ हा एम्युलेटर आणला. जुन्या मशीनच्या चिप जे काम करायच्या, ते हा प्रोग्राम करतो. कीबोर्डवर ५ दाबलं की कॉइन पडतो, १ दाबलं की खेळ सुरू. मी ५ दाबत गेलो आणि एका संध्याकाळी आठही स्टेज संपवले. शेवट बघितला खरा, पण कसायाला कसा मारला ते दुसऱ्या दिवशी आठवेना.

एक जुनं कोडं मात्र सुटलं. सेटिंगच्या मेनूत शिरल्यावर कळलं, की गेम किती अवघड ठेवायचा हे मशीनवाल्याच्या हातात असायचं. आम्ही उगाच आपला हात कच्चा समजत होतो!

एम्युलेटर फुकट असला, तरी गेमवरचा हक्क कंपनीचाच. कॅपकॉमने २०१८ साली मारामारीच्या सात जुन्या गेमचा संच विकायला काढला. त्यात ‘कॅप्टन कमांडो’ होता, मुस्तफा नव्हता.

जुनी चव नव्या गेममध्येही सापडते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची २०२० सालची ‘राजी’ भिंतीवरून धावते, खांबांवर चढते, तेव्हा शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आठवतो. राजकन्येला सोडवायला त्यात साठ मिनिटं मिळायची. आमचा तास त्याआधीच संपायचा.

तेव्हा पैसा नव्हता म्हणून प्रत्येक लाइफ जपून खेळायचो. आता मरणं फुकट झालंय, त्यामुळे शिकणंही राहिलं. म्हणून भाचा आला की आमच्याकडे नियम असतो: सेव्ह बंद, तीनच कॉइन, हरलास की ऊठ. त्याला हा शुद्ध जुलूम वाटतो. पण परवा कसाई अंगावर आला, तर पठ्ठ्या कोपऱ्यात गेला नाही. उलट माझी पाळी आल्यावर मागे उभं राहून मलाच ओरडत होता.