विमावाल्याचं संगीत

कनेटिकटमधलं डॅनबरी हे टोप्यांच्या कारखान्यांचं गाव. तिथला बँडमास्टर जॉर्ज आइव्ज म्हणजे अवलिया. दोन बँड वेगवेगळ्या धून वाजवत समोरासमोरून आणायचे आणि ते एकमेकांना ओलांडताना उठणारा कल्लोळ जिवाचे कान करून ऐकायचा, ही त्याची हौस. घरी पोरांना एका पट्टीत गायला लावायचा, साथ दुसऱ्याच पट्टीत. गावातला एक गवंडी प्रार्थनेत घसा फाडून बेसूर गाई. लोक नाकं मुरडत. जॉर्जचं म्हणणं, आवाजाचं काय घेऊन बसलात, त्याच्या चेहऱ्याकडे बघा. खरं गाणं तिथे चाललंय.

त्या घरात १८७४ साली चार्ल्स जन्मला. येल विद्यापीठात होरेशिओ पार्कर यांच्याकडे तो रीतसर शिकला, पण कान बापाचेच राहिले. पदवी घेऊन न्यूयॉर्कला विम्याच्या कचेरीत चिकटला. आपल्या विसंवादी सुरांवर बायकापोरांचं पोट भरणार नाही, हा हिशेब त्याने आधीच मांडला होता. पुढे मायरिक नावाच्या भागीदाराबरोबर काढलेली एजन्सी देशातल्या बड्या एजन्सींत गणली गेली. संगीत संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. या दुहेरी संसाराची लोकांना कीव येते. मला हेवा वाटतो. कुणाची मर्जी राखायची नव्हती, म्हणून तर 'कॉन्कॉर्ड सोनाटा' लिहून झाला. त्यात एका ठिकाणी बोटांऐवजी पावणेपंधरा इंची लाकडी फळी वापरायची आहे. वाचून वाटतं, आता धडाम होणार. प्रत्यक्षात ती फळी पियानोच्या पट्ट्यांवर अलगद दाबायची असते. डावा हात खाली आपला चालूच, आणि वर सुरांचा पुंजका धुक्यासारखा पसरतो.

१९२७च्या सुमारास लिहिणं आटलं. आता काहीच बरोबर वाजत नाही, असं त्याने डोळ्यांत पाणी आणून बायकोला, हार्मनीला सांगितलं. आणि सूर आटल्यावर श्रोते आले! तिसऱ्या सिम्फनीला १९४७चं पुलित्झर मिळालं. पैसे त्याने देऊन टाकले. शतकाच्या आरंभी लिहिलेली दुसरी सिम्फनी तर लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९५१मध्ये कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा सादर केली. आइव्ज गेला नाही, रेडिओवर ऐकली. बरीचशी सिम्फनी गोड, लोकगीतांनी आणि चर्चच्या प्रार्थनागीतांनी भरलेली. पण तिचा सरळसाधा शेवट त्याने म्हातारपणी बदलून ठेवला होता. बारापैकी अकरा स्वर एकदम आदळतात. कुणी त्याला बंडखोरी म्हणतं. मला ती पंचाहत्तरी गाठलेल्या पोराची खोडी वाटते, श्रोते टाळ्यांसाठी हात उचलत असताना मुद्दाम काढलेली.