चिंगीची साखर

कुत्र्याचा मधुमेह गोळ्यांवर निभत नाही. घरात माणसांची साखर गोळ्यांवर सांभाळलेली असते, म्हणून पहिला प्रश्न तोच येतो. पण कुत्र्यांत बहुतेक वेळा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच संपलेल्या असतात. मग ते बाहेरूनच द्यायचं, साधारण बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा, आणि बहुतेकांना जन्मभर. आमच्या कुत्रीच्या, चिंगीच्या, डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं. बरं झालं, त्यामुळे खोट्या आशेत दिवस गेले नाहीत.

लक्षणं अशी: पाण्याचं भांडं सारखं रिकामं, रात्री बाहेर जाण्यासाठी दाराशी उभं राहणं, खाणं वाढलेलं आणि पाठीची हाडं मात्र हाताला लागायला लागलेली. कुत्रं दिवसभरात वजनाच्या किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल तर तपासायलाच हवं. रक्तातली साखर साधारण 200 च्या आसपास गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही, ती लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते. गच्चीच्या कोपऱ्यात मुंग्या लागल्या, त्या यामुळे.

माजावर येऊन गेल्यानंतरच्या दोनेक महिन्यांत कुत्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं. त्याच्यामुळे स्तनग्रंथींतून ग्रोथ हॉर्मोन रक्तात येतं आणि इन्सुलिनचं काही चालेनासं होतं. चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. आधी साखर थोडी ताब्यात आणून डॉक्टरांनी ते करून घेतलं. पिल्लं नको असतील तर हे ऑपरेशन वेळेवर करून घ्या, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

सिरिंज. याबद्दल जितकं लिहावं तितकं थोडं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटच्या असतात, पेनातली काडतुसं 100 युनिटची. त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या: 40 ची लाल टोपणाची, 100 ची केशरी. दुकानदार घाईत असला की ‘इन्सुलिनची सिरिंज’ एवढ्यावर हाताला येईल ती देतो. 100 युनिटचं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये चार रेघांपर्यंत भरलं तर चारऐवजी दहा युनिट जातात. दहा-बारा किलोच्या जिवाला हा फरक प्राणावर बेतू शकतो. उलट केलं तर औषध निम्म्याहून कमी जातं आणि साखर का उतरत नाही ते कळत नाही. प्रत्येक खरेदीला बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दोन्ही पाहायचे. सासूबाईंचं इन्सुलिनही आमच्याच फ्रिजमध्ये असतं, म्हणून चिंगीचा डबा वेगळ्या कप्प्यात, वर तिचं नाव लिहून.

गढूळ इन्सुलिन खदाखदा हलवायचं नाही, बाटली दोन्ही तळव्यांत हळूच फिरवायची. अपवाद कुत्र्यांसाठीच्या काही तयार इन्सुलिनचा, त्यांच्या वेष्टनावरची सूचनाच खरी. बर्फाच्या कप्प्याला बाटली टेकू द्यायची नाही, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. मे महिन्यात तासन् तास वीज गेली की आम्ही बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून माठाच्या गारव्याला ठेवतो.

आधी जेवण, मग सुई. खाल्लं नसेल तर नेहमीचा डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. मानेमागे आणि बरगड्यांच्या बाजूला कातडी चिमटीत उचलली की सुई अलगद जाते. जागा रोज थोडी बदलायची, नाहीतर तिथे गाठ धरते. सुई इतकी बारीक असते की चिंगी वाटी चाटतच राहते. हात थरथरतो तो आपला.

सासूबाईंचा जीव चिंगीवर आणि लाड सगळे खाण्याचे. “अगं, एका बिस्किटाने काय होतंय? बघ कशी बघतेय!”
“आई, तुम्ही काकडी द्या तिला. तुमच्या हातची आहे म्हणून खाईल ती.”
खाल्ली. आता चारच्या चहाला त्या काकडीचे दोन काप वेगळे काढून ठेवतात. मला वाटतं, घरातल्या सर्वांत लाड करणाऱ्या माणसाला या उपचारात पहिल्या दिवसापासून सामील करून घ्यावं. रोज तेच अन्न, तेवढंच मोजून, त्याच वेळी दिलं तरच डोसचं गणित बसतं. चोरून दिलेला पेढा ते मोडतो.

‘शुगर-फ्री’ लिहिलेलं काहीही कुत्र्याला द्यायचं नाही. च्युइंगम आणि काही मिठायांत झायलिटॉल असतं. माणसाला ते चालतं, कुत्र्याची साखर मात्र त्याने एकदम कोसळू शकते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. मधुमेही माणसांच्या घरात हे पदार्थ हमखास सापडतात.

चिंगीला रोज देतो ते इन्सुलिन मिळालं तेही कुत्र्यांमुळेच. 1921 च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना स्वादुपिंडाचा अर्क टोचून पाहिला. त्यांतली मार्जरी नावाची कुत्री त्यावर सुमारे 70 दिवस जगली. जानेवारी 1922 मध्ये तो अर्क पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला दिला गेला. त्याआधी 1889 मध्ये स्ट्रासबुर्गला, स्वादुपिंड काढलं की मधुमेह होतो हे कळलं, तेही कुत्र्यावरच. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ चिंगीच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या.

प्रत्येक डोसची नोंद वहीत करायची: वेळ, जेवण, युनिट, कोणी दिलं त्याची सही. ‘तू दिलंस ना?’ हा प्रश्न या घरात उरताच कामा नये. दिलं की नाही याची खात्री नसेल तर पुन्हा द्यायचं नाही. एक डोस चुकला तर काही तास साखर चढते, दुप्पट गेला तर जीव जाऊ शकतो.

साखर उतरल्याच्या खुणा: पाय लटपटणं, नजर हरवणं, अंग कापणं, मग झटके. मध किंवा ग्लुकोजचं पाणी हिरड्यांना चोळायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, छातीत जाईल. चोळता चोळताच गाडी काढायची.

कानाच्या कडेला टोचून साखर पाहता येते. माणसांचा ग्लुकोमीटर कुत्र्याची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. दिवसभरात 100 ते 250 च्या दरम्यान राहिली तरी बरंच साधलं. माणसांचे आकडे इथे लावून घाबरू नये. एका आकड्यावरून डोस बदलू तर मुळीच नये. त्यासाठी दर दोन तासांनी बारा तास मोजून आलेख काढतात. तो घरीच काढलेला बरा, दवाखान्यात ती जेवतच नाही.

चिंगीला मोतीबिंदू आला. साखर आटोक्यात येत असतानाही बहुतेक मधुमेही कुत्र्यांना तो येतो, अनेकदा वर्षभरातच. शस्त्रक्रिया होऊ शकते, आम्ही विचार करतो आहोत. तोवर ती धडकू नये म्हणून सोफा जिथे आहे तिथेच राहील.

उलट्या, खाणं बंद, तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या द्रावणासारखा वास: हे कीटोन वाढल्याचं चिन्ह असू शकतं. सकाळची वाट पाहायची नाही.

“अजून किती ओढणार तिचं?” असं शेजारी विचारतात, वाईट मनाने नाही. पण नीट सांभाळलेलं मधुमेही कुत्रं वर्षानुवर्षं आनंदात राहतं. खर्च आहे, बांधिलकी आहे, ती पेलण्यासारखी आहे.

गणपतीला गावी जायचं आहे. खालच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा चिंगीजवळ राहायला तयार झालाय. सध्या रोज संध्याकाळी येतो आणि मी बाजूला उभी असताना डोस भरतो. काल त्याने मला विचारण्याआधीच बाटलीवरचा आकडा वाचून दाखवला.